बिनजखमांचा राजा

२ नोव्हेंबर, रविवार

सभा! मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चमागच्या हॉलमध्ये दीड तास डांबून ठेवलं. विषय एकच — ख्रिस्तराजाच्या सणाला नवा पुतळा. जुना लाकडी म्हणे आता शोभत नाही. लहान आहे, काळवंडलाय, फोटोत उठून दिसत नाही.

फर्डिनंड उभा राहिला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा कमिटीचा अध्यक्ष कमी आणि स्वर्गाचा ब्रँच मॅनेजर जास्त. म्हणाला, "मेलेल्यांतून उठून स्वर्गात राज्य करणारा राजा आहे आपला! माणसाने मान वर करून बघितलं पाहिजे!" टाळ्या. मी नाही वाजवल्या.

तो उठला. तो वर आहे, राज्य करतो आहे. यात मला शंका नाही, शाळेत असल्यापासून नाही. पण त्याची उंची फर्डिनंडला कमी पडते आणि म्हणून फायबरचा सात फुटी आणायचा — हे ऐकून तो वर हसला असेल.

उठता उठता फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पेंटर, सणाला बायबलमधलं दुसरं वाचन तुझी लेक रोवेना करेल का? किती दिवसांत तिचा आवाज ऐकला नाही." मी म्हटलं, नको फादर, तिची तयारी नाही. विषय संपला.

घरी सांगितलं नाही. लोक वाचन ऐकणार नाहीत, तिचा हात बघतील.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेल्या नाताळच्या चार दिवस आधी करंज्या तळताना रोवेनाच्या अंगावर कढई उलटली. उजवा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत. जानेवारीत मुलाकडच्यांचा निरोप आला — "सध्या थांबू या." सध्या! तेच लोक साखरपुड्यात वेदीसमोर पहिल्या बाकावर डोळे मिटून बसले होते.

तेव्हापासून रोवेना घरात. मिस्सा मोबाइलवर. मीच सांगितलं तसं. पूर्ण बाह्यांचे सहा ड्रेसही मीच वसईच्या बाजारातून आणले.

आज रेजिनाने टोकलंच. "किती दिवस मोबाइलवर?"

"देवाला पोचते."

"देवाला पोचते रे. तिला पोचते का?"

बायकोशी वाद घालायचा नाही असं ठरवलं आहे. उठून वाडीत गेलो, केळींना पाणी सोडलं.

९ नोव्हेंबर, रविवार

नाक्यावर बॅनर लागला. ख्रिस्तराजा मधे, छोटा. चारी बाजूंनी कमिटी, मोठी. फर्डिनंडने हात जोडलेत, जणू निवडणुकीला उभा आहे. राजा कुठला आणि उमेदवार कुठला, नवख्या माणसाला सांगता यायचं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वटार गावात एका घरापुढचा क्रूस रंगवला. जुना, दगडी, माझ्या कमरेइतका. घरातल्या म्हातारीने चहा दिला आणि म्हणाली, "जास्त चमकवू नको बाबा, तो घाबरंल." दिवसभर बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राजेसाहेब आले! रामनाथच्या टेम्पोतून, गाद्यांत गुंडाळून, आडवे. वाटेत मुकुटाचा रंग खरवडला म्हणून आधी माझ्या पडवीत. सणाच्या आदल्या दिवशी घेऊन जाणार.

गाद्या काढल्या. काय वर्णन करू! गाल गुलाबी. दाढी आताच सलूनमधून आल्यासारखी. बसायला सिंहासन — लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीला असतं तसलं, लाल मखमलीच्या रंगाचं. डोक्यामागे दिव्यांचं चक्र, बटण दाबलं की फिरतं! रामनाथने तीनदा दाबून बघितलं.

मग तोच पुतळ्याच्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिला. हा खाडीकडचा शेतीवाला माणूस, त्याचे देव वेगळे, पण आमच्या सणांचे मंडप गेली वीस वर्षं तोच वाहतो.

"पेंटर, तुमच्या देवाच्या हाताला भोकं असतात ना?"

"असतात."

"मग ही कोनी बुजवली? माज्या टेम्पोत न्हाय बुजली हां! आधीच सांगतो!"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच. दोन्ही हात कोरे. साबणाच्या जाहिरातीतले असावेत तसे. सभेला चाळीस माणसं होती, मोबाइलवर सगळ्यांनी फोटो बघून पसंत केला होता — मीही. एकाच्याही लक्षात आलं नाही. बघणारा निघाला तो रामनाथ!

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर फर्डिनंडला गाठलं.

"अध्यक्षसाहेब, राजाच्या हाताला जखमा नाहीत."

"कळवलं होतं मी पुतळेवाल्यांना. नको म्हणून."

"नको म्हणून?"

"अरे, उठला ना तो? स्वर्गात बसलाय. आता कसल्या जखमा? गुड फ्रायडेचं गुड फ्रायडेला. सणाला लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे. लहान मुलं असतात, पाहुणे असतात."

प्रसन्न! उठल्यावर त्याने शिष्यांना पहिलं काय दाखवलं? मुकुट? दिव्यांचं चक्र? हात दाखवले. बघा म्हणाला, मीच आहे. ज्या हातांवरून त्याची ओळख पटली, ते हात या माणसाने ऑर्डर देताना पुसून घेतले. पाहुण्यांना नजर चुकवायला लागू नये म्हणून! उद्या याच्या स्वर्गाच्या दारात लंगडा आला तर हा त्याला मागच्या दाराने घेईल.

आता पुतळा माझ्याच पडवीत आहे. बघू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुकुट झाला. पटाशीने उजव्या तळहातात खड्डा केला. फायबर कोरताना दातात गेल्यासारखं वाटलं. मग डाव्या हाताच्या मागच्या बाजूला. कोणाला विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रंग जमेना. लाल दिला — ताजं रक्त वाटलं, नाटकातलं. गेरू मिसळला — गंज चढल्यासारखं. पुसलं. पुन्हा दिला. पुन्हा पुसलं. आठ दिवसांपूर्वीची जखम एक वेळ काढता येते. पण जी भरली आहे, दुखत नाही आणि कधी जाणारही नाही, ती कशी असते?

मागे रोवेना कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"लाल नसते, पप्पा."

"तू आत जा बाय, थिनरचा वास आहे."

ती गेली नाही. बाही वर सारली, खांद्यापर्यंत, आणि हात माझ्या रंगाच्या डब्यांमधे स्टुलावर ठेवला. "बघून काढ."

दवाखान्यात पट्ट्या होत्या. घरी रेजिना मलम लावायची. मी आज पहिल्यांदा बघितला. मधे पिठूळ गुलाबी. कडेला चमक. कडा दोरा ओढून गोळा केल्यासारख्या. काही ठिकाणी मूळच्या रंगाचे ठिपके शिल्लक, बेटांसारखे.

रंग जमला. पुट्टीने कडा थोड्या उचलल्या. तासभर ती तशीच बसून होती. एकदाच म्हणाली, "इथे थोडं पांढरं हवं." तिचंच बरोबर होतं.

मी रंग बघत होतो. हातावर हात ठेवावा असं मनात आलं, पण बोटांना ऑइल पेंट होता.

— हे खरं कारण नाही. वहीत तरी खोटं नको.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी फर्डिनंड पुतळा न्यायला आला. रामनाथ टेम्पो घेऊन. मी ताडपत्री ओढली.

फर्डिनंडचा चेहरा बघण्यासारखा झाला! दोन मिनिटं नुसता हात बघत राहिला. मला आनंद झाला, लपवत नाही.

"हे काय केलंस?"

"राहिलं होतं ते केलं."

"कोणाला विचारून?"

"ज्याचे हात आहेत त्याला."

खाली उभ्या रामनाथने 'वा!' केलं. मग मी थांबलोच नाही. आठवडाभर साचलेलं सगळं बोललो. राजाच्या जखमांची लाज वाटते तुम्हाला, म्हटलं. लोकांनी बघू नये म्हणून बुजवता. तो स्वर्गात जखमा घेऊन गेला, तिथे त्याला कोणी झाकायला सांगितलं नाही, तुम्ही कोण सांगणारे? बॅनरवर स्वतःचं तोंड लावताना बरी लाज वाटली नाही!

फर्डिनंड ऐकून घेत होता. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"झालं बोलून?" म्हणाला. "मी फायबरचे हात झाकले, पेंटर. फादरांनी सगळ्यांसमोर वाचनासाठी तुझ्या मुलीचं नाव घेतलं, तेव्हा नको कोण म्हणालं? तिला विचारलंस तरी?"

दारात रोवेना होती. पुतळा जाताना बघायला आली असणार.

"कुठलं वाचन?" तिने विचारलं.

फर्डिनंडने मान खाली घातली — त्याला ती दारात आहे हे माहीत नव्हतं, हे मी मान्य करतो. रामनाथ टेम्पोचं फाळकं उघडायला वळला. ते आधीच उघडं होतं.

"पप्पा, कुठलं वाचन?"

सांगितलं. सगळं. तिने ऐकलं आणि आत गेली. रेजिना तिच्यामागे. जाताना माझ्याकडे बघितलं तेवढंच.

राजेसाहेबांना आम्ही तिघांनी मिळून चढवलं. जड होते.

दुपारी रोवेनाने फादरांना स्वतः फोन केला. भिंतीपलीकडून ऐकू आलं — "हो फादर, आहे माझी तयारी."

संध्याकाळी रोझरीच्या माळेचे मणी मोजताना दोनदा चुकलो. पूर्ण बाह्यांचे सहा ड्रेस आठवत होते. एकेकाचा रंग मी किती निवडून घेतला होता!

२३ नोव्हेंबर, रविवार. ख्रिस्तराजा

पुतळ्याच्या हातांवर फर्डिनंडने गुलाबांच्या जाड माळा गुंडाळल्या होत्या. मला राग आला नाही.

दुसरं वाचन रोवेनाने केलं. अर्ध्या बाह्या. आवाज पूर्वीसारखाच. चर्च चिडीचूप. सगळे बघत असणार — मला माहीत नाही, मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

वाचन संपलं तरी ती खाली उतरली नाही. मी मान वर करेपर्यंत उभी राहिली.