नायट्रोजनची तीन बाकं

नोएडा, सेक्टर ६२

तीर्थरूप बाबांना उत्तराचा नमस्कार, आज जरा जास्तच वाकून.

मी मजेत आहे. डबा लावलाय, खोकलाही गेला. तुमची पाठ कशी आहे? पुढचं फोनवर सांगितलं नाही, कारण आई स्पीकर लावून ऐकते.

आमच्या शिकवणीच्या ॲपमध्ये भाटिया नावाचे एक महाशय व्हिडिओंसाठी चित्रं करून घेतात. नायट्रोजनचे शेवटचे तीन इलेक्ट्रॉन त्यांनी तीन चौकटींत कसे भरले असतील? पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरी रिकामी! मी म्हटलं, तिघं आधी एकेकटे बसतात, जोडी जमते ती चौथा आल्यावर, म्हणजे ऑक्सिजनमध्ये. तर म्हणे, "मॅडम, इतना कौन देखता है? ऐसे क्लीन लगता है." क्लीन म्हणे! या माणसाला अणूपेक्षा चौकटीच्या रंगाची काळजी. वर पगार माझ्या दुप्पट.

तुम्ही सांगलीला तीन बाकांवर तीन मुलं बसवून हेच पाच मिनिटांत शिकवायचात.

तुम्ही दोनदा व्हिडिओची लिंक मागितलीत आणि मी 'विसरले' म्हटलं. विसरले नव्हते. भाटियांशी भांडले ती हा व्हिडिओ ॲपवर गेल्यानंतर. त्याच्या शेवटी पाटी येते, 'तपासणी : उत्तरा'. त्या शुक्रवारी घरी जायची घाई होती, मी न बघताच ओके केलं. दोन लाख मुलांनी पाहिलाय.

बाबा, त्या तीन बाकांपैकी एकावर तुम्ही मलाच बसवलं होतंत.

तुमची,
उत्तरा