आजोबांचं अक्षर

४ जानेवारी, सकाळी ६.४०
नव्या वर्षाची डायरी चार दिवस उशिरा. कोर्टात याला वेळेवर म्हणतात. संकल्प: एक, रोज पहाटे फिरणं (उद्यापासून). दोन, आजोबांची तसबीर बाररूमच्या भिंतीवर लावणं. मार्चमध्ये वकील मंडळाची शताब्दी आहे आणि भिंतीवर एकच जागा रिकामी. कमिटी म्हणते, अर्जाला अभिलेखागारातले अस्सल कागद जोडा. जोडतो की! असा वकील या गावात झाला नाही. आम्ही राहतो ते घर एका विधवा अशिलाने त्यांना कृतज्ञता म्हणून दिलं, यातच सगळं आलं. हल्लीचे अशील साधं थँक्यू म्हणत नाहीत.
हिला प्लॅन सांगितला. म्हणाली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यामुळे तुम्हाला कधी अडचण आली नाही. दुर्लक्ष केलं.

७ जानेवारी
अभिलेखागार जुन्या कोर्टाच्या तळघरात. ऊन नावाला नाही. कापडात बांधलेली दप्तरं छतापर्यंत, मधून माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. रेकॉर्डकीपरने माझं आडनाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. विचारलं, विहिरीच्या घरातले का? हो म्हटल्यावर स्वतः उठून दप्तर आणलं. आजोबांचा दरारा अजून आहे.
वर शीर्षक: वकील मंडळाची चौकशी. आजोबांनी कोणाची तरी चौकशी केली असणार.
रजिस्टरप्रमाणे हेच दप्तर दोन वर्षांत अकरा वेळा बाहेर निघालंय, अकराही वेळा एकाच बाईसाठी. आजोबांवर संशोधन चालू आहे आणि नातवाला पत्ता नाही!

१२ जानेवारी
एकूण सत्तर पानं. नवव्या पानावर आहे. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. रेकॉर्डकीपर म्हणाला, साहेब, चौसष्टावं पान तेवढं आधी बघा. म्हटलं, आम्ही वकील क्रमाने वाचतो. धुळीने डोळे चुरचुरायला लागले, निघालो. फिरणं सोमवारपासून.

१९ जानेवारी, दुपारी ४
ती बाई भेटली. रिटायर्ड शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी. मी नातू म्हणून ओळख दिली. म्हणाली, माझी आजी मरेपर्यंत रोज त्यांचं नाव घ्यायची. भरून आलं. विहीर बुजवली का, मागची खोली तशीच आहे का, असंही विचारलं. घरी बोलावलं.

२३ जानेवारी
बाई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. न विचारता थेट मागच्या खोलीत गेली आणि चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. हिला म्हणाली, माझे वडील या खोलीत जन्मले. हिचा चेहरा उतरला. नंतर समजावलं, पूर्वी लांबून आलेले अशील वकिलाकडेच मुक्काम करायचे. ही म्हणाली, बाळंत व्हायला? जेवली नाही.

३१ जानेवारी
तीन दिवस समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा असतो. फोटो काढतो, टेपने कुंपण मोजतो. घरावर पाटी लावायचं ठरत असावं. ही दिवसासुद्धा कडी लावते. म्हणते, आधी ते चौसष्टावं पान वाचा. चौदाव्यावर आहे. गुडघा दुखतोय, फिरणं स्थगित.

६ फेब्रुवारी
बाईने सल्ला विचारला. एखाद्याने दुसऱ्याचं घर विश्वासाने सांभाळायला घेतलं, तसं लिहून दिलं आणि परत केलं नाही, तर इतक्या वर्षांनी वारस सुटतात का? तासभर समजावलं, तेही फुकट. विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला मुदतीची पळवाट नसते, वारसालाही नाही! तिने उतरवून घेतलं. म्हणाली, आमचे वकीलही हेच म्हणाले, पण तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. वकील कशाला केलाय कोण जाणे. विषय गहन, विद्यार्थिनी उत्तम.

१० फेब्रुवारी
कमिटीला अ‍ॅफिडेव्हिट हवंय की दप्तरातलं लिखाण आजोबांच्याच हातचं आहे. बाईने मसुदा आयताच करून आणला, पानांच्या नंबरासकट. सुंठीवाचून खोकला गेला. नोटरीसमोर शपथेवर सही केली. ते अक्षर माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, लहानपणी तेच गिरवलंय. एक प्रत कमिटीला, एक बाईला. रेकॉर्डकीपर परत तेच, साहेब, वाचून सही करा. त्याला विचारलं, माझी प्रॅक्टिस किती वर्षांची आहे माहीत आहे का? सव्वीस.

२१ फेब्रुवारी
तसबीर फ्रेम होऊन आली. कमिटीचं उत्तर नाही. बाररूममध्ये मी बसलो की टेबल रिकामं होतं. जळतात.

३ मार्च, सकाळी ११
कोर्टाचा बेलिफ येऊन गेला. घराच्या ताब्याचा दावा, बाईचा. सोबत माझं अ‍ॅफिडेव्हिट आणि सत्तरही पानांची नक्कल, चौसष्टाव्यावर खूण.
वाचलं. मोत्यासारखं अक्षर. हे घर मजकडे केवळ सांभाळण्यास आहे, या विधवा बाईंचा मुलगा अठरा वर्षांचा होताच त्यास परत करीन, माझा यावर हक्क नाही. खाली सही.
पासष्टावं: मुलाची तक्रार. अठरा पुरी झाल्यापासून नऊ वेळा दारात गेलो, दर वेळी पुढच्या महिन्यात ये म्हणाले.
सहासष्टावं: आजोबांचा जबाब. हे अक्षर माझं नाही.
पुढची चार पानं: गावातल्या एकाही वकिलाने अक्षर ओळखलं नाही, सबब चौकशी बंद. आजोबांना रोज लिहिताना पाहणारी माणसं.
ओळखणारा पहिला मीच.

४ मार्च
तीन मित्रांकडे गेलो. तिघेही बिझी.
कैफियतीचे, म्हणजे दाव्याला उत्तर द्यायचे, दोनच मार्ग. एक, न वाचता सही केली. सव्वीस वर्षांची प्रॅक्टिस, कोर्ट हसेल. दोन, ते अक्षर आजोबांचं नाही, असं मीही शपथेवर सांगायचं. पेन उघडून बसलो होतो.
हिने सत्तरही पानं वाचली. विचारलं, काय लिहिणार? म्हटलं, अभ्यास लागेल, तूर्त पुढची तारीख मागतो. ही म्हणाली, त्या मुलालाही आजोबा तारखाच देत होते.
मग मागच्या खोलीत गेली आणि सामान बाहेर काढायला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. मोठी ट्रंक तिला एकटीला उचलेना. दुसरी कडी मी धरली.