रुकमाकाकीचा झरोखा

किल्ला, जैसलमेर
ता. ६ सप्टेंबर १९९९

ती. जमनाजीजीस शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. शेजारच्या रुकमाकाकीचा झरोखा परवा भिंतीसकट खाली आला. काकी देवळात होती म्हणून वाचली. दगड शतकांचा, त्यात यंदाचा पाऊस. सरकारी कचेरीतून साहेब पंचनाम्याला आले, त्यांना काकीनेही तेच सांगितलं. आता ती खालच्या वस्तीत भाच्याकडे राहते. आपलं घर शाबूत, पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या भरलेल्या. घोटुवां लाडू पाठवतोय, जीजाजींपासून लपवून ठेव.

माया आहे तशीच ठेव.
हरवल्लभ

बिकानेर
ता. १९ सप्टेंबर

चि. हरवल्लभ यास अ. आ.

लाडू लपवले नाहीत, पण घशाखालीही उतरले नाहीत. काकीचा भाचा इकडे कामानिमित्त आला होता. म्हणाला, पाऊस थांबून कितीतरी दिवस झाले होते, तरी पडलेले दगड आतून ओलेचिंब. त्या भिंतीला लागूनच तू पाहुण्यांसाठी न्हाणीघरं बांधलीस ना? बापू आपल्याला परातीत उभं करून लोटाभर पाण्यात आंघोळ घालायचे आणि तेच पाणी गाईला पाजायचे. किल्ला असा टिकला, बाबा.

आई गेल्यावर काकीने आपल्याला भरवलं. आज ती तुझ्यासाठी खोटं बोलली, आणि तू तेच मला लिहून पाठवलंस. आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहा. मग पत्र लिही.

रागावले तरी तुझीच,
जमना

किल्ला, जैसलमेर
ता. ११ ऑक्टोबर

ती. जीजीस शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. काकीने आधी राबोडीची भाजी वाढली, मुलांची चौकशी केली. मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "दोन वर्षं भिंतीतून तुझं पाणी ऐकत होते रे. वाटायचं, तुलाही ऐकू येत असेल."

मला येत होतं, जीजी.

कचेरीत जाऊन खरं सांगतो म्हणालो, तर तिने हात धरला. म्हातारपणी मला खोटारडी ठरवू नकोस, म्हणाली. परत यायलाही तयार नाही.

न्हाणीघरं तोडली, नळ काढले, भाड्याच्या खोल्यांची पाटी उतरवली. आता आपल्या पाड्यातले, गल्लीतले लोक म्हणतात, किल्ल्याची काळजी असावी तर हरवल्लभसारखी. दसऱ्याला नारळ देऊन सत्कार करायचं चाललंय. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

जमलं तर पूर्वीसारखंच भाऊ म्हण.
हरवल्लभ