दादाचं फोल्डर

बाबा,

राउटरशेजारच्या स्टोरेज बॉक्समध्ये जागा उरली नाही, म्हणून तुम्ही दादाचं फोल्डर पुसायला सांगितलंत. मी ते पुसलेलं नाही आणि पुसणारही नाही. त्यापेक्षा दोन मोठ्या हार्ड डिस्क आणल्या, दिवसरात्र चालू राहिल्या तरी टिकतील अशा. एक बसवलीय, तिच्यावर सगळं उतरतंय. तोवर दिवा लुकलुकत राहील. कृपा करून बटण बंद करू नका. दुसरी मी कामावरून आल्यावर बसवते. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा.

जागा भरली, कारण तुम्ही त्याच्याशी बोलत नसलात तरी दादा त्याच्या घरून त्यात अजूनही फोटो टाकतोय. त्याची मुलगी चालायला लागली. टीव्हीवर फोल्डर उघडलं की दिसेल. नाकाने अगदी तुमच्यावर गेलीय.

– धाकटी