रुमालाखालची बोटं

प्रिय ईश्वरप्पा,

शाळेत मी कविता म्हणायचो आणि तू बाकावर बोटांनी ठेका धरायचास. तो आवाज अजून कानात आहे. त्याच बोटांनी तू रुमालाखाली खुणा करत चिनी पेढीशी माझ्या रेशमाचा भाव ठरवत आलास. त्या दलालीवर तुझी चूल पेटते. तरी त्या पेढीच्या लिनशेठला मी परस्पर कळवलं, "ईश्वरप्पा थकला, आता थेट माझ्याकडे या." तू थकलेला नाहीस रे. मलाच तुझी दलाली जड झाली होती.

तुझा म्हणवायची लाज वाटणारा,
आबासाहेब

ता. क. घडी घालतानाच दारावर तोच ठेका वाजला. दारात तू, मागे लिनशेठ!

"हे पेठेत तुझं घर हुडकत होते, म्हणून घेऊन आलो की," तू हसलास. "आन् मी थकलो म्हणून यांना कुणी सांगितलं रे?"