तारे बुधवारी पडतील

शुक्रवार, २ नोव्हेंबर १८६६. अमरावती.

काल रात्री लेक्चर. विषय, 'राष्ट्रांचा उदय आणि ऱ्हास'. श्रोते अकरा. त्यांतले पाच डोळे मिटून विचारात गढले होते. एक जण विचारात घोरत होता. शेवटी एकटा पुंजाराम उरला. सतरंजी त्याची होती. तरी पावणेतीन तासांत कुणी एका शब्दानं विरोध केला नाही, हे नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

बाकीचं गाव शेजारच्या देवळात, देवीदासबुवांच्या कीर्तनाला. माझा मुद्दा रंगात आला की नेमकी त्यांची झांज वाजते. हा योगायोग नव्हे. मनकर्णा अकोटला माहेरी जाऊन बसली, त्यामागेही हेच गृहस्थ असणार. माझ्यावर येणारं प्रत्येक संकट त्या एका देवळातून निघतं.

संकल्प: उद्यापासून लेक्चर दीड तासाच्या आत.

शनिवार, ३ नोव्हेंबर. ऑफिसात.

साहेब कापसाचे नमुने बांधायला विलायतेचे जुने पेपर देतो. बांधण्याआधी मी वाचून घेतो. या ऑफिसात माझ्या हुद्द्याला शोभणारं काम तेवढंच आहे.

आज सोनं सापडलं. या महिन्यात आकाशातून ताऱ्यांची वृष्टी व्हायची आहे. तेहेतीस वर्षांनी एकदा होते. सगळे तारे सिंह राशीतल्या एकाच जागेतून, मघा नक्षत्राच्या विळ्यासारख्या आकृतीतून निघाल्यासारखे दिसतील. वेळही दिली आहे: बुधवार, १४ नोव्हेंबर, मध्यरात्र उलटल्यावर.

म्हणजे बुधवारी रात्री जेवून निजायचं नाही, की झालं.

चार वर्षं घसा फोडला. कापसाला तेजी होती तेव्हा लोक म्हणत, तुमचं ऐकायला सवड कोणाला. आता तेजी गेली तर म्हणतात, तुमचं ऐकायला मन कोणाचं. आता आकाशच माझ्या बाजूनं उभं राहणार. हे साधलं नाही तर मला दुसरं काही साधायचं नाही, हे मला आतून कळतं आहे. (हे वाक्य नंतर खोडावं.)

सोमवार, ५ नोव्हेंबर.

कीर्तनात गेलो. बुवा सांगत होते की पुण्य सरलं की स्वर्गातला जीव खाली येतो, तोच पडणारा तारा. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, तारे बुधवारी, चौदा तारखेला पडतील, मध्यरात्रीनंतर, सिंहाच्या मानेजवळून, आणि पुण्याचा तिथे काही संबंध असणार नाही. बुवांनी शांतपणे विचारलं, 'काहून हो लेक्चरवाले भाऊ, शिंव्हाले खोकला झाला काय?' लोक हसले. मी गर्जलो की त्या रात्री सिंहातून तारे पडले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. सभेत नाही, घरात नाही.

लोकांनी झांजा वाजवल्या. माझ्या बोलण्यावर झांज वाजण्याची ही पहिलीच वेळ.

बुवा म्हणाले, असं बोलू नका भाऊ, बारा महिने लई होतात. घाबरले.

दवंडी पिटवली: बुधवारी राती, नागपुरी दरवाज्याबाहेर, तारे पडतील.

बुधवार, ७ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

एकटाच. एक पणती लावली, वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली नाही. भाकरी एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली. करपलेली बाजू खाल्ली.

मनकर्णा का गेली, हे एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. सासऱ्यांच्या तेरवीला मी 'मृत्यू' या विषयावर चार शब्द बोललो. पानं वाढलेली होती. चार शब्दांना दोन तास लागले, कारण विषय मोठा. वरण थंड झालं. एका म्हाताऱ्याला भोवळ आली, तीही म्हणे माझ्यामुळे. मनकर्णा तिथेच राहिली. निघताना मला एवढंच म्हणाली, 'ज्या दिवशी तुमी दुसऱ्याचं आयकून घेसान, त्या दिवशी मी येईन.'

मी ऐकत नाही, हे तिनं कशावरून ठरवलं ते विचारायला हवं होतं. पण तेव्हा मी बोलत होतो.

आज तिच्या भावाला, पंजाबरावाला, चिठ्ठी लिहिली: बुधवारी मनकर्णाला घेऊन या. सगळी अमरावती माझ्या बोटाकडे पाहत असेल, ते तिनं पाहावं. पुढे तारे, सिंह आणि प्रकाश यांची माहिती. एकूण पानं अकरा.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. भाऊबीज.

सहा जणांना बडनेऱ्याला नेलं. दोघांना फक्त आगगाडी पाहायची होती. स्टेशनापलीकडे रुळांवर उभं करून दाखवलं: हे रूळ लांबवर जाऊन एका बिंदूत मिळतात असं दिसतं. प्रत्यक्षात त्यांच्यातलं अंतर कुठेच कमी होत नाही. तारेही तसेच. शेजारी शेजारी, सरळ रेषेत धावत येतात. आपण जिथे उभे असतो तिथून पाहिलं की सगळे एकाच ठिकाणाहून फुटल्यासारखे वाटतात. ती जागा आकाशात नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

रामराव म्हणून एक शेतकरी होता. तो म्हणाला, 'मंग शिंव्हातून येतच नाईत, तं शिंव्हाचं नाव काहून घेऊन राहिले?' त्याला तासभर समजावलं. गाडी आली म्हणून थांबावं लागलं. स्टेशनवाल्यानं आम्हांला रुळांवरून हाकललं, आणि त्याची भाषा थेट देवीदासबुवांसारखी होती. त्यांचा हात स्टेशनापर्यंत पोचला, हे आजच कळलं.

रविवार, ११ नोव्हेंबर.

अकोटच्या गाडीवानाबरोबर पंजाबरावाचा निरोप: बुधवारी कापूस घेऊन बाजारात येतो, मनकर्णाही येते, तिची भांडी न्यायला.

भांडी हे निमित्त. पितळेच्या पाच भांड्यांसाठी कोणी दोन रात्री गाडीत बसून येत नाही. पण रात्री उठून भांडी मोजली. घंगाळ, दोन पातेली, परात, तांब्या. तिच्या आईनं दिलेली. ती गेली तर मांडणीवर माझी एक कढई उरते.

बुधवारी तारे पडलेच पाहिजेत.

मंगळवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळ.

तयारी पूर्ण. भाषणाचे पाच भाग. ज्येष्ठमधाच्या गुळण्या सकाळ-दुपार. उद्या रात्रभर जागायचं, म्हणून आज दिवेलागणीलाच निजतो. कार्तिकातला हा काकडा भल्या पहाटे झोपमोड करतो. सगळं गाव अंधारात उठून देवळात जातं, गात गात परत येतं. मी त्याच्या विरुद्ध तीनदा बोललो आहे. आज दारं-खिडक्या लावून कानांत कापूस घालतो. वऱ्हाडात राहून कापसाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

बुधवार, १४ नोव्हेंबर. सकाळ.

गाढ झोप. इतकी चांगली झोप महिन्यात लागली नव्हती.

ऑफिसला जाताना पुंजारामानं अडवलं. म्हणाला, 'भाऊ, पाह्यले का? लाह्या फुटल्यावानी फुटून राहिले होते तारे. काकड्याले चाललो होतो, तं मानच खाली होईना.' मी म्हटलं, वृष्टी आज रात्री आहे. तो म्हणाला, 'बरं, आजबी पाहू.' पुढे विहिरीवरच्या बायका तेच बोलत होत्या. बाजारातले गाडीवान तेच. हमालसुद्धा.

मी शांतपणे विचार केला. दहा दिवस मी या गावाच्या कानांवर तारे घातले. अशा वेळी साध्या माणसांना जे ऐकलं ते दिसू लागतं. वक्तृत्वाचा हा परिणाम मला अपेक्षित होता, पण एक दिवस आधी नव्हे. दुसरी शक्यता: आज रात्री कोणी येऊ नये म्हणून देवीदासबुवांनी ही आवई उठवली. दुसरी शक्यता जास्त खरी.

दुपार.

पंजाबराव आला. मनकर्णा आली. वाळली आहे. दारातच म्हणाली, वलगावजवळ पेढी नदीच्या उतारावर गाड्या उभ्या होत्या, तिथून तिनं पहाटे तारे पाहिले, अन्... मी तिला तिथेच थांबवलं. ते तारे तिनं पाहिलेले असणं शक्य नाही, हे शांतपणे पटवून दिलं. मध्यरात्र म्हणजे काय, बुधवार म्हणजे काय, विलायतेचे विद्वान म्हणजे काय. पंजाबराव मध्येच म्हणाला, 'जवाईबुवा, आमी धा-पंधरा जनं होतो तेथीसा, सारेच आंधळे काय?' त्यालाही पटवून दिलं.

मनकर्णा वळली. आत गेली. मांडणीवरून परात काढल्याचा आवाज आला.

आज रात्री. फक्त आज रात्री.

गुरुवार, १५ नोव्हेंबर. उजाडताना.

आले सात जण. त्यांत पंजाबराव, पुंजाराम (सतरंजी) आणि स्वतः देवीदासबुवा. बाकीच्यांचं म्हणे पाहून झालंय. मनकर्णा आली नाही.

बुवांनी सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाले, 'भाऊ, तुमी म्हनले तसेच पडले, शिंव्हातूनच पडले. म्या सोता पाह्यले काल. जिंकले तुमी. आता थंडीत काहून उभे करता?'

डाव माझ्या लक्षात आला. विरोधकाच्या दयेवर मिळालेला विजय मी घेत नाही. मी सांगितलं, काल जे पडले ते किरकोळ तारे, त्यांचा सिंहाशी आणि माझ्याशी काही संबंध नाही. खरे तारे आज. आणि भाषणाच्या पाचही भागांत ते सिद्ध केलं. बुवा, पुंजाराम आणि चार माणसं मला सांगत होती की मी बरोबर आहे, आणि मी पहाटेपर्यंत एकट्यानं त्यांना खोडून काढलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रभावी भाषण.

मघा डोक्यावर आल्या. दोन तारे पडले. त्यांतला एक दक्षिणेकडून.

उजाडलं. बुवा म्हणाले, जाऊ द्या भाऊ, शपथ मी सोडवतो, देवळात नारळ ठेवू. मी माझ्या शब्दाचा माणूस आहे. सूर्य वर आला तेव्हापासून मौन.

या वहीशिवाय आता मला तोंड नाही.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर.

मौनाचा दुसरा दिवस. साहेबानं दिवसभर काही विचारलं नाही. संध्याकाळी मुनीमाला म्हणाला की ऑफिसात काम चांगलं होऊ लागलं आहे.

पंजाबरावाचा कापूस विकला गेला. गाड्या माणसांबरोबर परत पाठवल्या. त्याला आगगाडीत बसण्याची हौस. बडनेऱ्याहून अकोला, तिथून बैलगाडीनं अकोट. रात्रीची गाडी रोज नसते, पण शुक्रवारी आहे, बारा वाजून चाळीस मिनिटांनी. त्यानं स्टेशनावर दोनदा विचारून घेतलं.

भांडी पोत्यात भरली. दाराशी पोतं. मनकर्णा उंबऱ्यात थांबली. मी काही बोलावं म्हणून थांबली असावी. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ तिला सांगायला एकच शब्द होता, आणि तोंडाला कुलूप मी स्वतः लावलेलं. पाटीवर लिहिलं असतं, तर तिला वाचता येत नाही. चार वर्षं स्त्रीशिक्षणावर बोललो. शिकवायचं राहून गेलं.

ती म्हणाली, 'येते मंग.' पोतं पंजाबरावाच्या खांद्यावर. गेले.

मांडणीवर कढई आहे.

शनिवार, १७ नोव्हेंबर.

सकाळी दार वाजलं. पंजाबराव, मनकर्णा, पोतं.

गाडी चुकली. चुकली म्हणजे एका दिवसानं चुकली. पंजाबराव ओसरीवर बसून आकाशपाताळ एक करत होता: 'शुक्रवारच्या राती बाराच्या आत पोचलो आमी. तं तो मास्तर म्हने, शुक्रवारची गाडी काल रातीच गेली. म्हटलं, अबे काल तं गुरुवार होता. तं म्हने, तुमचा दिवस सूर्य निंगल्यावर निंगते, सायबाचा दिवस मध्यरात्रीलेच निंगते. आता अर्ध्या राती कोनता दिवस उगवते, सांगा बरं? अन् पुढची गाडी सोमवारी.'

मी बोटांवर वार मोजले.

साहेबाचा बुधवार मंगळवारच्या रात्रीच सुरू झाला होता. पेपर बरोबर होता. सिंह बरोबर होता. मी बरोबर होतो. विहिरीवरच्या बायका, हमाल, बुवा, सगळे बरोबर होते. साऱ्या वऱ्हाडानं तारे पाहिले. मी कानांत कापूस घालून निजलो होतो.

याचा अर्थ मी जिंकलो. शपथ लागूच होत नाही. पंजाबराव विहिरीवर गेला तसा मी उठलो. घसा साफ केला. पहिलं वाक्य तयार होतं, आणि उत्तम होतं.

मनकर्णा पोत्याजवळ बसली होती, गाठ सोडत. चुलीवर ठेवायला पातेलं हवं होतं. गाठ सोडता सोडता ती बोलत होती, बहुधा बराच वेळ. म्हणत होती, त्या पहाटे गाडीत नऊ बाया होत्या, साऱ्या भिऊन गेल्या. 'तं म्या सांगतलं त्याईले. म्हटलं भिऊ नका, हे साऱ्या रेघा सोबत सोबत येऊन राहिल्या, फकत एकाच जागेवरून आल्यावानी दिसते. तुमची चिठ्ठी पटवाऱ्यानं वाचून दाखवली होती ना, तवा आयकलं होतं. अकरा पानं. म्या दोन वार आयकली.'

नऊ बाया. कोणी निजली का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं.

माझ्या घशाचा आवाज ऐकून ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. हात गाठीवर तसाच. गाठ अर्धी सुटलेली.

मी खाली बसलो.

ती पुन्हा बोलू लागली. एक तारा म्हणे पेढीवरून गेला, तेव्हा पाण्यात बैलांची शिंगं दिसली. एक हिरवट होता, त्याची रेघ कितीतरी वेळ मिटली नाही. मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तपासून पाहण्याचा मार्ग नव्हता. पातेलं बाहेर आलं. परात अजून पोत्यात. गाडी सोमवारी.

मी हूं म्हटलं. ते लेक्चरात धरत नाहीत.