एकच नियम, दोन मुली

प्रिय हरणी,

अक्षर ओळखलंस ना? इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाटेल, काही वाईट बातमी आहे. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. शाळेतल्या पोरांना उड्या मारायला शिकवायचं आणि आपण मात्र कठडा धरून जिना उतरायचा, असं चाललंय. तू विद्यापीठाच्या क्रीडा शिस्त समितीची अध्यक्ष झाल्याचं पेपरात वाचलं. फोटोत केस पिकलेले दिसले, पण मान अजून तशीच ताठ.

त्या फोटोनं आपली वसतिगृहातली खोली डोळ्यांसमोर आणली. ओल्या मोज्यांचा वास, खिडकीत वाळत घातलेले बूट. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर दोघींनाही खोकल्यानं धरलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून औषध आणलं, एकाच चमच्यानं दोघी प्यालो आणि एकमेकींची वाकडी झालेली तोंडं बघून हसत सुटलो. त्यात बंदी असलेलं काही असेल, हे आपल्या गावीही नव्हतं. स्पर्धेआधीच्या उत्तेजक-तपासणीत दोघी सापडलो.

समितीनं आधी तुला आत बोलावलं. बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. तुला विचारलं, "आता खोकला कसा आहे?" मला विचारलं, "बाटलीवरचं वाचता येत नाही का?" तू शंभर मीटरची राणी, तुझ्यावाचून पदक नव्हतं, म्हणून तुला ताकीद. मी रिलेमधली तिसरी, सुटताना हमखास मागे राहणारी गोगलगाय. माझ्या जागी कुणीही चाललं असतं, म्हणून मला वर्षभर बंदी. कुणाला तरी शिक्षा केल्याशिवाय जरब बसत नाही म्हणे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! माझं शेवटचं वर्ष आहे, असं मी सांगून बघितलं. एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "एकच वर्ष ना, जाईल हां हां म्हणता."

ते गेलंच. तू पदक घेऊन आलीस आणि काही न बोलता माझ्या उशीवर ठेवलंस. मी ते उचलून तुझ्या पलंगावर ठेवलं. दोन पलंगांमधल्या त्या चार हातांच्या अंतरात आपली मैत्री विरून गेली, आणि मला अजूनही बंदीपेक्षा तीच हळहळ जास्त वाटते. तुझं काही चुकलं नव्हतं गं. तू एकवीस वर्षांची पोर, तू काय करणार होतीस? नंतर मी धावून बघितलं. पायांत बळ होतं, पण उभारी नव्हती. आपलं वजन दुसरीपेक्षा कमी भरतं, हे एकदा कळलं की मैदान सपाट दिसेनासं होतं.

तुला माझी लेक माहीत नाही. गोगलगायीच्या पोटी वारा जन्मलाय. चारशे मीटरला तिला गाठणारं सध्या विद्यापीठात कुणी नाही. वसतिगृहात तिच्या खोलीत एक उंच, लाजरी मुलगी राहते, सगळे तिला लंबू म्हणतात. गेल्या महिन्यात या दोघी परवानगी न काढता बाहेरच्या एका शर्यतीत धावून आल्या. नियम मोडला, यात वादच नाही. परवा त्यांच्या प्रशिक्षकांचा फोन आला. "ताई, निर्धास्त राहा. तुमच्या लेकीला ताकीद मिळून जाईल, संघाला ती हवीय. दुसरीवर बंदी येईल, म्हणजे नियमही पाळल्यासारखा दिसेल." खरं सांगते, ऐकून आधी मला हायसंच वाटलं. मग लेकीला फोन लावला, तर तो लंबूनं उचलला. म्हणाली, "काकू, ती अंघोळीला गेलीय." आणि जरा थांबून, "काकू, मी घरी काय सांगू?" फोन ठेवून मी तुझा पेपरातला फोटो पुन्हा काढला.

हरणी, पुढच्या आठवड्यात या दोघी तुझ्यासमोर उभ्या राहतील, म्हणून हे पत्र. दोघींना ताकीद दे, नाहीतर दोघींना बंदी दे. बंदीच द्यायची ठरली, तर माझ्या लेकीला वगळू नकोस. तिची राष्ट्रीय निवड चाचणी तोंडावर आलीय आणि बंदी आली तर ती हुकेल, हे जाणूनच लिहितेय. हे पत्र खासगी ठेवू नकोस, समितीत सगळ्यांसमोर वाच. लेक कालपासून सुट्टीला घरी आलीय. तुला लिहितेय हे मी तिला सकाळीच सांगितलं. "तू माझी आई आहेस की लंबूची?" एवढंच म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठून गेली. तिच्या खोलीचं दार आतून बंद आहे. मी दोनदा हाक मारली, आता पत्र टाकायला निघालेय.

अजूनही तुझीच,
गोगलगाय